पूड विरघळेपर्यंत

ज्या तोंडात मी पहाटे टॉर्च मारून पाहिलं होतं, तेच तोंड संध्याकाळी माझ्या दारात येऊन मला शिव्या घालत होतं.

“ओ सिस्टर! बंद करा हे दुकान! गर्दुल्ल्यांले सुया वाटून राहिल्या, लाज नाही वाटत का वो?”

“लाज नाही वाटत का!” मागच्या पोट्ट्यांनी री ओढली.

मोरेश्वर परातेचा आवाज सगळ्या सूतपुऱ्यात प्रसिद्ध होता. गणपती असो, वरात असो की मारबतीची मिरवणूक, घोषणा द्यायला तोच लागायचा. त्याने एक हाक दिली की गल्लीच्या पार त्या टोकाची कुत्री उठून बसत. आता तो आवाज माझ्यावर चालला होता आणि त्याच्या शेजारी हाताची घडी घालून त्याचा सासरा उभा होता. वासुदेवराव निखारे. साड्यांचे व्यापारी, मोहल्ल्याच्या मंडळाचे अध्यक्ष आणि आमच्या केंद्राचे हाडवैरी.

मला राग आला की मी आत जात नाही, बाहेर येते. ही माझी जुनी खोड. मी कमरेवर हात ठेवून पायरीवर उभी राहिले.

“झालं?” मी विचारलं. “घसा बसला असन तं आत माठात पाणी आहे.”

दोन-चार पोट्टे हसले. मोरेश्वरची आणि माझी नजर भेटली. तो क्षणभर गडबडला आणि मग दुप्पट जोराने ओरडला, “पाहा, कशी उलटून बोलून राहिली! ऐकून घ्या सिस्टर, तान्हा पोळा येऊन राहिला. यंदा तुमचाच बडगा काढतो आम्ही!”

माझ्या मागे दाराआड लहानू मेश्राम उभा होता. म्हातारा सायकलरिक्षावाला, आमचा सगळ्यात जुना रुग्ण. तो माझा पदर ओढत कुजबुजला, “सिस्टर, एक शब्द बोला ना. पहाटे इथं कोण येते ते सांगून टाका. आत्ताच्या आत्ता गप होईन पोट्टा.”

“तू आत जाऊन बस,” मी म्हणाले.

शब्द जिभेवर होता, खोटं कशाला सांगू? पण रुग्णाचं नाव नर्सच्या तोंडून बाहेर पडलं की ती नर्स राहत नाही, चौकातली चहाडखोर बाई होते. मी गिळला तो शब्द.

आमचं केंद्र म्हणजे एक लांबट खोली. सुईच्या नशेत अडकलेल्या माणसाला तिथं रोज एक गोळी मिळायची. ती घेतली की अंग दुखत नाही, नाक वाहत नाही, आणि माणूस सुईकडे धावत नाही. एकमेकांच्या सुया वापरून ज्यांना एचआयव्ही लागलेला, किंवा हेपटायटिस सी, म्हणजे यकृत पोखरणारी कावीळ, त्यांची औषधंही आम्ही तिथंच द्यायचो. कारण मोठ्या दवाखान्याच्या रांगेत ही माणसं टिकत नाहीत. पुढचा तोंड वाकडं करतो, मागचा नाक दाबतो, आणि हे दोन खेपांनंतर जाणंच सोडतात. जे अजूनही टोचून घेत होते त्यांना नवी सुई द्यायचो, म्हणजे निदान एकाचं दुसऱ्याला लागू नये. मोहल्ल्याला यातलं फक्त शेवटचं दिसलं. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत, बाकीचे दिवस मी एकटी.

ती नशेच्या बदलीची गोळी गिळायची नसते. मी खलात कुटून तिची पूड करायची. रुग्णाने जीभ वर करायची, पूड जिभेखाली ठेवायची आणि तोंड मिटून बाकावर बसायचं. विरघळायला पाच-सात मिनिटं लागतात. तोवर बोलायचं नाही, गिळायचं नाही. बोललं की लाळ सुटते, पूड पोटात जाते, आणि पोटात गेली की तिचा उपयोग नाही. मग मी टॉर्च मारून जिभेखाली पाहायची आणि तेव्हाच सोडायची. घरी न्यायला द्यायची नाही, कारण घरी गेलेली गोळी कुणाच्या तरी सुईत निघते. एकदा दिली की त्या दिवशी दुसरी नाही. रस्त्यावरून खिडकीतून हे सगळं दिसायचं: बाकावर ओळीने बसलेले, ओठ घट्ट मिटलेले पुरुष. पोट्ट्यांनी त्यांना नाव ठेवलं होतं, मौनीबाबा. येता-जाता खिडकीवर खडे मारून विचारायचे, “मौनीबाबा, आज कोणता उपास?”

दुसऱ्या दिवशी पहाटे, गल्लीत नळ यायच्या आधी, मोरेश्वर आला. रोजच्यासारखा डोक्यावरून टॉवेल घेऊन. मी आधी खल पुढे ओढला. गोळी कुटली, पूड त्याच्या जिभेखाली ठेवली, त्याने तोंड मिटलं, आणि मग मी सुरुवात केली.

“आता ऐक. माझ्या लाजेची चौकशी करणारा तू कोण रे? तुझे दोन्ही आजार मी सांभाळून राहिली, तुझ्या नावावर पांघरूण मी घालून राहिली, अन् तू चार पोट्टे घेऊन मलेच नाचवतं? तुले बोलता येत नाही ते बरं आहे. आज तू ‘मी बोलतो’ म्हटलं असतं तरी मी ऐकणार नव्हतीच.”

तो मान खाली घालून ऐकत होता. ही मिनिटं माझ्या हक्काची होती आणि मी त्यातलं एकही वाया घालवलं नाही. शेवटी टॉर्च मारला, जिभेखाली पाहिलं आणि म्हणाले, “हं. बोल आता.”

“सिस्टर,” तो म्हणाला, “मी नाही ओरडलो तं दुसरा ओरडन. अन् मंग मामाजी विचारतीन, सगळ्यात मोठा आवाज याचा, हा काहून गप आहे?”

“म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.”

“चोरच आहो ना मी,” तो म्हणाला. “काविळीच्या गोळ्या आता थोड्याच राहिल्या. तेवढ्या होऊ द्या. मंग काय करायचं ते करा माझं.”

याला काय म्हणायचं? त्याची अडचण मला पाठ होती. तो सासऱ्याच्या दुकानात कामाला, राहायला सासऱ्याच्याच चाळीत. लग्नाआधीची नशा, रेल्वे यार्डाकडच्या दोस्तांची देणगी. बायकोला, चंदाला, सगळं माहीत होतं. तिनेच त्याला हाताला धरून माझ्याकडे आणला होता. तिची तपासणी केली, ती निर्मळ निघाली, आणि त्या दिवशी ती माझ्यासमोर रडली. म्हणाली होती, “बाबाले समजलं तं मले त्याच दिवशी घेऊन जातीन. अन् हे एकटे राहिले तं मरतीन, सिस्टर.” ती वाढवून बोलत नव्हती. मागच्या दिवाळीत सासऱ्याने जावयाला माल आणायला सुरतेला नेलं, तिथं गोळी चुकली, आणि परत आला तो थेट सुईवर. पुन्हा रुळावर आणता आणता माझे केस पांढरे झाले. आता काविळीचं औषध ऐन शेवटाला आलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की यात खंड पडला तर केलं सवरलं पाण्यात, आणि तेच महागाचं औषध दुसऱ्यांदा मिळेल याची खात्री नाही. म्हणून मला मोरेश्वरला रोज पहाटे त्या बाकावर बसलेला पाहायचा होता. बाकी त्याने दिवसभर मला काय म्हणायचं ते म्हणावं.

बडग्याचं नागपूरबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. मारबत ही रोगराई घेऊन जाणारी बाई, मोठी थोरली पुतळी. तिच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्यातून बडगे निघतात. बडगा म्हणजे त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचं सोंग: महागाई, लाचखोर, कुणी पुढारी. बांबू, गोणपाट आणि कागदाचा. त्याला शिव्या देत मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. एकाने हाक द्यायची, “इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गेऽऽ,” आणि सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, “मारबत!” लहानपणी भंडाऱ्याहून मामाकडे यायचे तेव्हा मीही घसा फुटेस्तोवर म्हटलं आहे.

त्या वर्षी सूतपुऱ्याचा बडगा मी होते.

केंद्रासमोरच्या चौकातच तो उभा राहत होता. मी जाऊन पाहून आले. माझंच सोंग, मी नाही पाहायचं तर कुणी? पांढरा कोट, खोप्यावर टोपी, हातात माणसाएवढी सुई. गळ्यात पाटी: “सुयावाली बाई अन् तिचे गर्दुल्ले, घेऊन जा गे मारबत.” चेहरा हुबेहूब होता. नाक मात्र माझ्यापेक्षा बरं काढलं होतं.

दुसऱ्या पहाटे पूड जिभेखाली गेल्यावर मी मोरेश्वरला विचारलं, “माझं नाक तू काढलं का रे?”

त्याने होकाराची मान हलवली. मग त्याचे खांदे हलायला लागले.

“हसू नको बह्याडा, पूड सांडन!”

त्याने दोन्ही हातांनी ओठ दाबून धरले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मुक्याने हसला. तेवढं एकच हसू त्या महिन्यात आमच्या केंद्रात आलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी निखारे स्वतः आले. एकटे. उंबऱ्याबाहेर चपला न काढता उभे राहिले.

“सिस्टर, शेवटचं सांगून राहिलो. खोली खाली करा. नाही तं उद्यापरवा बडगा याच दारात आणून जाळीन. मंग धग आत लागली तं मले बोलू नका.”

“आत माणसं असतीन,” मी म्हणाले.

“माणसं?” ते हसले. “माझा लहाना भाऊ असाच होता. घरातली भांडी विकली, मायच्या कानातलं विकलं. काढून टाकला मी त्याले घरातून. यार्डात मेला, सुई हातात घेऊन. लोकं बोलवायले आले तं मी खांदासुद्धा देल्ला नाही. ज्याने सख्ख्या भावाले खांदा देल्ला नाही, तो तुमच्या या माणसांची काय पर्वा करन?”

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते अभिमानाने बोलत होते, पण डोळे कुठेतरी दुसरीकडे होते. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी दार लावून घेतलं.

तान्ह्या पोळ्याला केंद्र उघडं होतं, कारण गोळीला सणवार नसतो. केंद्राच्या मुख्य ऑफिसातून साहेबांचा फोन आला की कुलूप लावा आणि घरी जा. मी हो म्हटलं आणि कुलूप लावलं नाही. समोरच्या चौकात मंडळाचे सगळे पोट्टे बडग्याभोवती रात्रभर जागून तिथंच पसरले होते. त्यांच्या मधोमध मोरेश्वर बसला होता, आणि त्याच्या बाजूला सासरा. पहाट गेली, उजाडलं, ऊन वर आलं. मोरेश्वरला उठता येईना. बाकीचे रुग्ण गल्लीच्या मागून लपत छपत येऊन गोळी घेऊन गेले, हा मात्र समोर वीस पावलांवर असून येऊ शकत नव्हता.

मी खिडकीतून पाहत होते. आधी जांभया सुरू झाल्या, एकामागून एक. मग नाक गळायला लागलं. भर उन्हात त्याने हात काखेत घातले आणि अंगावर काटा उभा राहिलेला मला इथून दिसला. एका पोट्ट्याने विचारलं, “मोरूभाऊ, ताप आहे का गा?” निखारे म्हणाले, “जागरण सोसत नाही आमच्या जावईबापूले.” सगळे हसले. तोही हसला. दुपारपर्यंत गोळी मिळाली नाही तर संध्याकाळी तो कुठे असेल, हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

मग डफडी सुरू झाली आणि बडगा उचलला गेला. तो मुख्य मिरवणुकीकडे जायच्या आधी आमच्या दाराकडे वळला. बाया ओट्यावर आल्या, माणसं गच्चीवर चढली. मोरेश्वरने हाक दिली, “इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गेऽऽ!” आवाज चिरकला होता, तरी “मारबत!” असा प्रतिसाद आला की माझ्या औषधांच्या बाटल्या कपाटात वाजल्या. आत तेव्हा लहानू होता, आणि दोघं जण बाकावर बसलेले, नुकतीच पूड घेतलेले, तोंड मिटून.

दाराशी येऊन मिरवणूक थांबली. मला मोरेश्वरचा आवाज ऐकू आला.

“मामाजी, तुम्ही बाहेर थांबा. बाईच्या अंगाले कोणाचा हात लागला तं उद्या केस होईन. मी एकटा आत जातो अन् सप्पा सामान मोडून येतो.”

“शाबास!” निखारे म्हणाले.

दारावर लाथ बसली. मोरेश्वर लाठी घेऊन आत आला, मागे वळून त्याने कडी घातली, आणि लाठी त्याच्या हातातून गळून पडली.

“सिस्टर, लवकर.”

त्याचे दात वाजत होते. मी शिव्या घालतच गोळी कुटली. “मेल्या, घर मोडायले आला अन् औषध मागतं!” त्याने जीभ वर केली, मी पूड ठेवली, त्याने ओठ मिटले आणि भिंतीला टेकून खाली बसला. बाहेर पोट्टे मोडतोड ऐकायला कान टवकारून उभे. लहानूने परिस्थिती ओळखली. त्याने लाठी उचलली आणि लोखंडी कपाटावर दाणकन हाणली.

“मारलं रे! मेलो रे बापा!” तो ओरडला. मग हळूच मला म्हणाला, “सिस्टर, हा स्टूल मोडू का? तसाही हालतेच.”

“मोड,” मी म्हणाले.

स्टूल मोडला. बाहेर जल्लोष झाला. लहानूने माठ फोडला, बादली आपटली, स्वतःच ओरडला, स्वतःच मार खाल्ला. पण म्हातारा माणूस किती वेळ पुरणार? तो दमून थांबला आणि खोली शांत झाली.

“मोरेश्वर!” निखाऱ्यांची हाक आली. “बस झालं. बाहेर ये, घोषणा दे!”

मोरेश्वरने माझ्याकडे पाहिलं. पूड अजून निम्मीही विरघळली नव्हती.

“मोरेश्वर!”

मग कुणीतरी ओरडलं, “अबे, आवाज काहून देत नाही तो? गर्दुल्ल्यांनी धरून ठेवला वाटते त्याले!”

तेवढं पुरलं. आपल्या माणसाला आत मारून राहिले, ही बातमी डोळे मिटून उघडेस्तोवर गल्लीभर झाली. दारावर धक्के बसायला लागले. कडी वाकली. बाकावरचे दोघं उठून भिंतीकडे सरकले. तोंड उघडून वाचवा म्हणायचीही त्यांची सोय नव्हती. लहानूने लाठी टाकून दिली, मग पुन्हा उचलली.

मी मोरेश्वरजवळ बसले. “थुंक,” मी म्हणाले. “थुंक अन् बाहेर जाऊन ओरड. मी तुले दुसरी देते. नियम गेला खड्ड्यात. तुझं घर वाचव.”

त्याने मान हलवली. नाही.

“अरे, ऐक माझं! एक हाक दे, सगळे जातीन!”

त्याने बाकाजवळच्या त्या दोघांकडे पाहिलं, मग दाराकडे. बाहेर जाऊन ओरडायचं म्हणजे पुन्हा त्या दोघांवरच ओरडायचं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. हाताने भिंतीचा आधार घेत उठला, बाहीने नाक पुसलं आणि स्वतःच्या हाताने कडी काढली.

दार उघडलं तसे पुढचे मागे सरकले. उंबऱ्यावर मोरेश्वर, त्याच्या मागे मी, आणि आत सगळ्यांना दिसतील असे ते दोघं, तोंड मिटलेले.

“काय केलं तुले? मारलं का?” निखाऱ्यांनी त्याचे दंड धरून विचारलं.

त्याने मान हलवली.

“मंग बोल ना! दे घोषणा!”

तो गप्प. गर्दीतला एक जण खिदळला, “अबे, हा तं मौनीबाबा झाला!”

सगळे हसले. मागून हसू पुढे आलं आणि पुढच्या ओळीत येऊन थांबलं. पुढच्यांना मोरेश्वरचे ओठ दिसत होते आणि त्याच्या पाठीमागे बाकाजवळच्या दोघांचेही. डफडीवाल्याचा हात हळू झाला, मग थांबला. निखाऱ्यांनी आत पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं.

“तोंड उघड,” ते म्हणाले.

मोरेश्वरने उघडलं नाही.

त्यांनी थोबाडीत मारली. असा आवाज झाला की ओट्यावरच्या बाया उभ्या राहिल्या. मोरेश्वरचं डोकं चौकटीवर आपटलं, पण त्याने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि ओठ उघडू दिले नाहीत. सासऱ्याने पुन्हा हात उचलला. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी दोघांच्या मध्ये शिरले.

“अजून थोडा वेळ लागन,” मी म्हणाले. “त्याचं औषध व्हायचं आहे. मंग काय विचारायचं ते विचारा. तोवर याले हात लावला तं मी इथून हलणार नाही अन् तुम्हालेही हलू देणार नाही.”

लपवायला आता उरलं काय होतं? ते त्याने स्वतःच, एक शब्द न बोलता सांगून टाकलं होतं. आम्ही सगळे तसेच उभे राहिलो, ती पूड विरघळेपर्यंत. गल्लीभर माणसं, आणि माझं ते कागदी सोंग वर डोलत होतं. कुणी पुढे आलं नाही. कुणी गेलंही नाही.

मोरेश्वरने माझ्याकडे वळून हनुवटी वर केली. मी खिशातून टॉर्च काढला.

“उघड. जीभ वर.” पाहिलं. “हं. झालं.”

तो सासऱ्याकडे वळला. गालावर पाचही बोटं उठली होती.

“मामाजी, आता बोलतो. सुईनं मले दोन आजार दिले. एक जाऊन राहिला, एक जन्मभर राहीन, गोळीवर. चंदाले काही नाही. तिची तपासणी झाली, अन् तिले सगळं ठाऊक आहे. रोज पहाटे इथं येतो मी. तुम्हाले घोषणा पाह्यजे ना? सांगा मंग, काय म्हणू? रोगराई घेऊन जा म्हणू, का मोरेश्वरले घेऊन जा म्हणू?”

निखाऱ्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, हा माणूस आता खाली बसेल. तो बसला नाही.

“मोरेश्वरले,” ते म्हणाले.

शेवट मला त्या दाराशीच करायचा आहे, म्हणून पुढचं इथंच सांगून टाकते. पुढच्याच महिन्यात आम्हाला ती खोली सोडावी लागली. मोरेश्वरचं दुकानातलं काम गेलं, चाळीतली जागाही गेली. तान्ह्या पोळ्याच्याच संध्याकाळी बाप चंदाला न्यायला गेला, तर तिने आतून कडी काढली नाही. नव्या जागेत, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोरेश्वर सायकल मारत येत राहिला आणि त्याची कावीळ गेली. हे सगळं नंतरचं. त्या क्षणी तो उंबऱ्यावर उभा होता आणि त्याने छाती भरून श्वास घेतला.

“मोरेश्वर परातेलेऽऽ,” त्याने हाक दिली. गोळीने अंगात जीव आला होता; आवाज पुन्हा पूर्वीचा झाला होता, गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाणारा. “मोरेश्वर परातेले घेऊन जा गेऽऽ!”

इतक्या वर्षांत त्याची हाक कधी रिकामी परत आली नव्हती.

“मारबत!”

एकच आवाज. म्हातारा, घोगरा, निखाऱ्यांचा. हात वर करून ते म्हणून गेले होते आणि हात तसाच वर राहिला. त्यांनी मागे वळून पाहिलं. पोट्टे, डफडीवाले, ओट्यावरच्या बाया, गच्चीवरची माणसं, सगळा सूतपुरा तिथं उभा होता, आणि सगळ्यांची तोंडं मिटलेली होती.